जनुक आणि त्याची कळ

पाव फुगतो तो यीस्टमुळे, हे आपणांस ठाऊक आहे. यीस्ट हा एकाच पेशीचा इवला जीव. पण जनुकाचे काम केव्हा सुरू व्हावे आणि केव्हा थांबावे हे कोण ठरवते, ह्याचा मोठा धडा त्याने शास्त्रज्ञांना दिला.

जनुक म्हणजे डी.एन.ए.च्या लांब धाग्यावर ए, टी, जी, सी ह्या चार अक्षरांत लिहिलेली सूचना. ही अक्षरे वाचायची कशी? फ्रेडरिक सँगर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९७७ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. धाग्याच्या नकला करायच्या, आणि नक्कल मध्येच थांबवणारी अक्षरे त्यांत थोडी मिसळायची. मग निरनिराळ्या लांबीचे तुकडे मिळतात. जेलीसारख्या थरातून ते विजेच्या बळाने सरकवले, की लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. कोणता तुकडा कोणत्या अक्षरावर थांबला हे ओळीने पाहत गेले, की मजकूर वाचता येतो.

आता यीस्टची दोन जनुके पाहू या. गॅल-१ आणि गॅल-१० ही शेजारी, पण पाठीला पाठ लावून बसलेली आहेत. दुधातील साखरेचा एक घटक गॅलॅक्टोज. तो पचवण्याच्या कामी ती लागतात. गॅलॅक्टोज मिळाले की त्यांचे काम सुमारे १,००० पटींनी वाढते. ग्लुकोज मिळाले की दबते.

१९८४ साली मार्क जॉन्स्टन आणि रोनाल्ड डेव्हिस ह्यांनी दोहोंमधला मजकूर प्रसिद्ध केला. दोन्ही जनुकांची नक्कल जेथून सुरू होते, त्या ठिकाणांमध्ये अंतर ६०६ अक्षरांचे. त्याच्या मध्याजवळ जी आणि सी ह्यांची दाटी असलेला १०८ अक्षरांचा पट्टा. ह्या पट्ट्यात बिघाड केला, की दोन्ही जनुकांचे काम अडते, असे दिसले. उलट, हा मधला भाग हिस-३ ह्या भलत्याच जनुकाला जोडला, तर तेही गॅलॅक्टोजच्या हुकमात वागू लागले! म्हणजे कळ होती ती येथेच.

विहिरीवरची मोटार चांगली असली, तरी स्टार्टर बिघडला तर पाटाला पाणी येत नाही. तसेच हे.

माणसांतही असे घडते. बीटा थॅलेसेमिया ह्या रक्ताच्या आजारात दोष बहुधा जनुकाच्या आत असतो; पण काही रुग्णांत तो लगतच्या नियामक भागात सापडतो. तेथे नुसते जनुक वाचून भागत नाही. म्हणून शिक्षकांनी मुलांना जनुक शिकवताना त्याच्या शेजारच्या ह्या कळीचीही ओळख अवश्य करून द्यावी.