अँड्र्यू कार्नेगी : दातृत्व आणि न्याय

‘पोलादसम्राट’ अँड्र्यू कार्नेगी यांचे नाव आज कारखान्यांपेक्षा ग्रंथालयांमुळे अधिक स्मरले जाते. त्यांच्या जीवनाच्या दोन्ही बाजू आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्कॉटलंडमधील डनफर्मलिन येथे १८३५ साली एका विणकराच्या घरी त्यांचा जन्म झाला. यंत्रमाग आले आणि वडिलांच्या हातमागाचा धंदा बुडाला. १८४८ साली हे कुटुंब अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात आले. तेथे बालवयातील अँड्र्यू कापडगिरणीत आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर राबू लागला. पुढे तो घरोघर तारा पोहोचवीत असे. त्या काळात कर्नल जेम्स अँडरसन यांनी आपला ग्रंथसंग्रह कामकरी मुलांसाठी दर शनिवारी खुला केला. शाळेला मुकलेल्या या मुलाने तेथेच ज्ञानाची तहान भागविली. ते ऋण तो विसरला नाही.

रेल्वेतील नोकरी आणि गुंतवणूक यांतून कार्नेगी पोलादाच्या उद्योगात शिरले. १९०१ साली त्यांनी आपली कंपनी ४८ कोटी डॉलरना विकली. धनिकाने हयातीतच आपली संपत्ती लोकहितार्थ वेचावी, असा विचार त्यांनी १८८९ सालीच मांडला होता. १९१९ साली निधन होईपर्यंत त्यांनी सुमारे ३५ कोटी डॉलर दान केले. त्यांतून २,५०० हून अधिक ग्रंथालये उभी राहिली. मात्र इमारतीसाठी पैसा देताना जागा आणि वार्षिक खर्च गावाने उचलावा, अशी त्यांची अट असे. कारण गावाने ग्रंथालय आपले मानावे, ही त्यांची इच्छा होती.

तथापि, १८९२ साली त्यांच्या होमस्टेड येथील कारखान्यात मजुरीकपातीवरून संघर्ष पेटला. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते; परंतु व्यवस्थापक फ्रिक यांच्या कठोर धोरणास त्यांची संमती होती. खासगी सशस्त्र रक्षक आणि कामगार यांच्या चकमकीत दोन्हीकडील माणसे मृत्युमुखी पडली. संघटना मोडली. १८९८ साली तेथेही कार्नेगींच्या देणगीतून ग्रंथालय उघडले. पण बारा तास भट्टीपुढे राबलेल्या कामगाराने पुस्तक केव्हा उघडावे?

होमस्टेडच्या आदल्याच वर्षी, १८९१ साली, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात सांगितले होते की, मजुरी हा केवळ करार नव्हे. कामगाराचा निर्वाह होईल इतकी ती असणे, हा न्याय आहे.

कार्नेगींचे दातृत्व अनुकरणीय आहे, यात शंका नाही. परंतु ज्यांच्या श्रमांवर आपले घर वा व्यवसाय चालतो, त्यांचे देणे आधी चुकते करावे, मग दानपेटीकडे वळावे, असे आम्हांस नम्रपणे वाटते.