जुना फ्यूज-बोर्ड काढताना : आधी वायर पाहा, मग एम.सी.बी. घ्या

भिवंडी, मालेगाव किंवा मुंबईतील मदनपुरा, डोंगरी अशा वस्त्यांतून कारागिराचे घर आणि कारखाना पुष्कळदा एकाच छपराखाली असतात. खाली बायका-मुले, वर माळ्यावर चार-पाच शिलाई मशिनी आणि इस्त्रीचे टेबल. विजेचा बोर्ड मात्र बापजाद्यांच्या वेळचा : लाकडी फळी, तिच्यावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि त्यांत कोणीतरी दुहेरी पिळून घातलेली तार. आता मंडळी ही फळी काढून एम.सी.बी.चा डबा बसवून घेऊ लागली आहेत. चांगलेच आहे. पण फ्यूज काढला, त्या जागी एम.सी.बी. लावला आणि काम संपले, अशी समजूत मात्र चांगली नाही.

एम.सी.बी. असतो तो भिंतीतल्या वायरीचे रक्षण करण्यासाठी, मशीन वाचवण्यासाठी नव्हे. ही गोष्ट ध्यानात न घेता अनेक जण लोहार चाळीत जाऊन सरसकट ३२ अँपियरचे नग उचलतात, म्हणजे सारखे पडायला नकोत! तांब्याची दीड एम.एम.ची वायर असेल तर तिच्यावर ६ किंवा फार तर १० अँपियरचा, अडीच एम.एम.वर १६ चा आणि चार एम.एम.वर साधारण २० चा एम.सी.बी. शोभतो. दीड एम.एम.च्या वायरीवर ३२ चा नग लावला तर वायर तापेल, तिच्यावरचे प्लॅस्टिक वितळेल, आणि एम.सी.बी.च्या लेखी मात्र सर्व काही आलबेल असेल. खाली कापडाची कतरण आणि गिऱ्हाईकाचा माल पडलेला असताना हे किती महाग पडेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

एम.सी.बी.वरचा आकडा ओलांडला की तो त्याच क्षणी पडतो, हाही गैरसमज आहे. १६ अँपियरचा नग १८ अँपियरवर तासभर न पडता चालू शकतो, आणि २३ च्या आसपास गेला तरी पडायला तासापर्यंत वेळ घेऊ शकतो. म्हणून आधी कागदावर बेरीज करावी. वॅटला २३० ने भागले की अँपियर मिळतात. २००० वॅटचा गीझर सुमारे ९ अँपियर घेतो, १००० वॅटची इस्त्री सव्वाचार. ईदच्या हंगामात चार इस्त्र्या एकाच वायरीवर चालणार असतील तर तिथेच १७ झाले. अशा वेळी मोठा एम.सी.बी. हा उपाय नाही. बोर्डापासून दुसरी वायर ओढावी.

१९७०-८० च्या काळातील पुष्कळ इमारतींत अ‍ॅल्युमिनियमची वायर आहे. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ती कमी करंट वाहते आणि तिचे जोड कालांतराने ढिले पडून तापतात. तिच्यासाठी एम.सी.बी. लहान घ्यावा. बदलणे जमत असेल तर बदलूनच टाकावी.

मोटरीची गोष्ट निराळी. शिलाई मशिनीची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर चालताना थोडाच करंट घेते, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. सकाळी सगळ्या मशिनी एकदम चालू केल्या की ‘बी’ जातीचा एम.सी.बी. पडतो, कारण तो आपल्या आकड्याच्या ३ ते ५ पटीला झटक्यात तुटतो. ‘सी’ जातीचा ५ ते १० पटीपर्यंत थांबतो. म्हणजे मशिनींच्या लायनीवर आकडा तोच ठेवून ‘सी’ घ्यावा. दुकानदार विचारत नाही, आपण सांगावे.

आता शॉकविषयी. एम.सी.बी. शॉकपासून वाचवत नाही. माणसाचा जीव घ्यायला लागणारा करंट इतका थोडा असतो की एम.सी.बी.ला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. हवा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत येतो की नाही, एवढेच तो पाहतो. फरक दिसला की तोडतो. उलट जादा भार तो ओळखत नाही, म्हणून दोन्ही लागतात.

जुन्या घरात नवा आर.सी.सी.बी. पहिल्याच दिवशी सारखा पडतो आणि वायरमन तो ‘डायरेक्ट’ करून देतो, हे आम्ही बऱ्याच ठिकाणी पाहिले आहे. दोष बहुधा त्या नगाचा नसतो. माळ्याचा न्यूट्रल स्वयंपाकघराच्या न्यूट्रलला कुठेतरी जोडलेला असतो, इन्व्हर्टरचा न्यूट्रल मेनमध्ये मिसळलेला असतो, किंवा एखादी ओली जागा खरोखरच गळत असते. म्हणून बोर्ड काढण्यापूर्वी प्रत्येक लायनीचा न्यूट्रल वेगळा करून घ्यावा आणि मेगरने तपासून घ्यावा. जुन्या फळीवर न्यूट्रललाही फ्यूज असेल तर तो नव्या बोर्डात ठेवू नये. तो उडाला तर दिवा विझतो, पण फेज जिवंतच राहते.

घर आणि कारखाना यांना आर.सी.सी.बी. दोन घ्यावेत. वर एका इस्त्रीची केबल फाटली म्हणून खाली फ्रीज आणि दिवे का बंद पडावेत? खर्च थोडा वाढतो, पण इथे काटकसर करू नये.

अर्थिंगचा प्रश्न आर.सी.सी.बी.ने सुटत नाही. त्याच्यावरचे ‘टेस्ट’चे बटण अर्थिंग नसतानाही काम करते, तेव्हा बटण दाबून तो पडला म्हणजे अर्थिंग ठीक आहे असे धरू नये. अर्थिंग मीटरने वेगळे मोजून घ्यावे.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवावे. मीटरचे सील बेस्ट असो वा महावितरण, कंपनीच्या माणसाशिवाय कोणी तोडायचे नसते. भार वाढणार असेल तर मंजुरीचा अर्ज आधी द्यावा. काम संपल्यावर वायरमन जाण्यापूर्वी प्रत्येक एम.सी.बी.खाली त्याची लायन कोणती ते लिहून घ्यावे, मराठीत किंवा उर्दूत, घरातल्या बायकांना वाचता येईल अशा अक्षरांत. दर महिन्याला ‘टेस्ट’चे बटण त्यांनीच दाबले तर ते कधी राहून जात नाही, असा आमचा अनुभव आहे.