दोन दारांची गाडी, पण कुणासाठी?

परवा अमेरिकेहून धाकट्या जावेचा फोन आला. भावजींना जुनी जपानी स्पोर्ट्‌स कार घ्यायचीय. "ताई, दोनच सीटा! आमची छकुली काय टपावर बसणार?"

मग काय, आमच्या चिरंजीवांकडून मीच शिकवणी घेतली. भावजींच्या मनात भरलीय ती १९८९ साली आलेली माझदा मियाटा. वजन जेमतेम साडेनऊशे किलो, इंजिन १.६ लिटरचं. नुसतं वेगात पळण्यापेक्षा वळणावर हिची खरी गंमत! घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, ही तिच्या कर्त्यांची कल्पना. शिवाय छप्पर मागे सारून वारा खायचा.

जावेने सुचवली १९९१ सालची लेक्सस एससी ४००. हीही जपानी, दोन दारांचीच, पण जातकुळी 'ग्रँड टूरिंग'ची, म्हणजे लांबच्या प्रवासात अंग न आंबवणारी. चार लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन, तरी आवाज अगदी बेताचा. वजन मात्र मियाटाच्या दीडपटीहून जास्त, तेव्हा पेट्रोलही त्याच मानाने पिणार.

मागे दोन सीटा आहेत खऱ्या; पण मोठ्या माणसाचे गुडघे तिथे मावायचे नाहीत. छकुलीला बसवायचं तर पुढची सीट सरकवून, कंबरेत वाकून आत शिरायचं. रोज सकाळी हे कोण करणार, ते सांगायला नकोच! मियाटा निदान खोटी आशा तरी लावत नाही.

जावेला म्हटलं, "लेक्सस बघायला जाल तेव्हा मागे भावजींनाच बसव." भावजी सहा फूट उंच आहेत.