इथे सायकल टाइम वाढलेलाच बरा

चाकणच्या कुठल्याही कारखान्यात शिरा, लाइनच्या टोकाला फळा टांगलेला दिसतो. टार्गेट, प्रत्यक्ष उत्पादन, रिजेक्शन आणि सायकल टाइम. एका पार्टमागे दोन सेकंद वाचवले की कायझेनचं प्रमाणपत्र मिळतं, नोटीस बोर्डावर फोटोही लागतो. भोसरीच्या गाळ्यातला जॉबवर्कवाला असो की शेकडो एकरांवरची बहुराष्ट्रीय कंपनी, दोघांचाही जीव या सेकंदांत अडकलेला. पण याच कंपन्यांच्या सर्व्हरवर एक काम असं चालतं, की ते मुद्दाम संथ ठेवायचं असतं. ते म्हणजे पासवर्ड तपासण्याचं. ते झटपट उरकून देणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यापासून जरा सांभाळूनच राहावं.

या पट्ट्यात पासवर्ड लागत नाही अशी जागा आता उरलेली नाही. माल पाठवण्याआधी व्हेंडर पोर्टलवर नोंद, पगाराची स्लिप ॲपवर, रजेचा अर्ज ऑनलाइन. चाळीस कामगारांच्या युनिटचं ईआरपीसुद्धा ओळखीतल्या कुणीतरी करून दिलेलं असतं, आणि ते चालतंय तोवर त्याच्या पोटात कुणी डोकावत नाही. ‘आमच्या सर्व्हरमध्ये कोण कशाला घुसेल’ हा समज निदान इथे तरी राहायला नको. २०२१च्या फेब्रुवारीअखेरीस पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली आणि प्रकरण निगडी पोलिस ठाण्यात पोचलं. तो प्रकार फायली ओलीस धरण्याचा होता. पासवर्ड साठवण्याचं शास्त्र मात्र सुरूच होतं ते चोर आत येऊन कपाटापर्यंत पोचला आहे, असं धरून.

कपाटात पासवर्ड जसेच्या तसे ठेवले तर चोराचीही गरज लागत नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सामायिक संगणकावर दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादी दिसू लागली. यावरचा उपाय त्याच दशकात केंब्रिजच्या रॉजर नीडम यांनी वापरात आणला: पासवर्ड ठेवायचाच नाही, त्याचा हॅश ठेवायचा.

हॅश ही एक गणिती प्रक्रिया आहे. मजकूर कितीही लांब द्या, बाहेर ठरावीक लांबीची, निरर्थक दिसणारी अक्षरमाला येते. तोच मजकूर दिला की तीच माळ. एक अक्षर बदललं की सगळी माळ बदलते. आणि माळेवरून मूळ मजकूर काढण्याची वाट नाही. तुम्ही लॉगिन करता तेव्हा टाइप केलेल्या शब्दाचा पुन्हा हॅश काढायचा आणि साठवलेल्याशी ताडून पाहायचा. तुमचा पासवर्ड काय आहे, हे मग साइटलाही ठाऊक नसतं.

इथपर्यंत बहुतेक प्रोग्रॅमर येतात आणि थांबतात. गोची इथूनच सुरू होते. चोर हॅश उलटा फिरवत बसत नाही. तो अंदाज बांधतो, प्रत्येक अंदाजाचा हॅश काढतो आणि चोरलेल्या यादीत शोधतो. एमडी५ ही १९९१ची जुनी हॅशपद्धत अजूनही कितीतरी ठिकाणी सापडते. गेमिंगसाठी विकलं जाणारं आरटीएक्स ४०९० हे एक ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दीडशे अब्जांहून जास्त एमडी५ हॅश काढतं. आपल्याकडे पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर टाकणारे खूप. ६ ते ९ या आकड्यांनी सुरू होणारे दहा आकडी नंबर होतात ४०० कोटी. म्हणजे देशातला प्रत्येक शक्य मोबाइल नंबर तपासून व्हायला सेकंदाचा चाळिसावा भाग.

२०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले. चार वर्षांनी कळलं की आकडा ११ कोटी ७० लाखांचा होता. पद्धत एसएचए-१, तीही वेगवान, आणि सॉल्ट नव्हतं. सॉल्ट म्हणजे प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळी निवडलेली, कसलाही अर्थ नसलेली अक्षरं. ती पासवर्डला जोडून मग हॅश काढतात, आणि हॅशशेजारी उघडी ठेवली तरी चालतात. त्यांचं काम एवढंच, की दोन कामगारांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळा यावा आणि चोराला प्रत्येकासाठी पहिल्यापासून मेहनत करावी लागावी.

ही युक्ती १९७९ची. बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सवरचे ३,२८९ पासवर्ड तपासले, तर २,८३१ जणांनी तीन-चार अक्षरी, नुसत्या लहान इंग्रजी अक्षरांतले किंवा शब्दकोशातले शब्द ठेवले होते. म्हणजे ८६ टक्के. आपली आधीची पद्धत फार वेगवान आहे, हे ओळखून त्यांनी ती जाणूनबुजून संथ केली आणि सॉल्टही घातलं. पंचेचाळीसहून जास्त वर्षांपूर्वी छापून आलेली ही गोष्ट आजही सांगावी लागते, याचं खरं तर आश्चर्य वाटायला हवं.

१९९९ मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी आणलेल्या बीक्रिप्टमध्ये संथपणाला बटणच आहे. आकडा एकनं वाढवला की काम दुप्पट. तो बाराच्या पातळीवर ठेवला तर तेच कार्ड सेकंदाला दीडशे अब्जांवरून जेमतेम चौदाशेवर येतं.

आता एमएच १४ घ्या. आपल्या आरटीओचा, दोन अक्षरं आणि चार आकड्यांचा गाडी नंबर पासवर्ड म्हणून ठेवणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. असे नंबर जास्तीत जास्त साडेसदुसष्ट लाखांच्या घरात. एमडी५ असेल आणि सॉल्ट नसेल, तर सहाशे कामगारांची पूर्ण यादी डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासून होते. बीक्रिप्ट आणि सॉल्ट असेल तर एकेका कामगारामागे सव्वा तासाहून जास्त, सगळ्या यादीला महिनाभर. त्या महिन्यात चोरीचा सुगावा लागला तर सगळ्यांचे पासवर्ड बदलता येतात. ज्या एकट्यावर चोराचा डोळा आहे तो मात्र सव्वा तासात उघडा पडतो. गाडीचा नंबर हा कुठल्याही पद्धतीत वाईटच पासवर्ड.

२०१५ मध्ये जागतिक स्पर्धेत निवडलेली आर्गॉन२ ही पद्धत वेळेबरोबर मेमरीही अडवते. दर तपासणीला ६४ एमबी लागेल असं ठरवलं, तर चोवीस जीबीच्या कार्डावर एका वेळी चारशे तपासण्यासुद्धा मावत नाहीत. नवं काही बांधत असाल तर आर्गॉन२आयडी हा प्रकार घ्यावा, असं माझं मत.

‘एवढ्या संथपणानं पाळी बदलताना सर्व्हर बसेल’ ही नेहमीची तक्रार. हिशेब करून पाहा. दहा मिनिटांत सहाशे जणांनी लॉगिन केलं तर सेकंदाला एक. एका तपासणीला पाव सेकंद लागला तरी प्रोसेसरचा एक कोअर पाऊणभर रिकामाच. जुने एमडी५ हॅशही एका रात्रीत बदलावे लागत नाहीत. कामगार पुढच्या वेळी लॉगिन करतो तेव्हा त्याचा पासवर्ड क्षणभर हातात असतो, त्या क्षणी नव्या पद्धतीचा हॅश काढून जुना पुसायचा. तो मात्र खरोखर पुसायचा. २०१५ मध्ये ॲशली मॅडिसन या साइटचे पासवर्ड बीक्रिप्टनं नीट राखलेले होते, पण लॉगिनसाठीच्या दुसऱ्याच एका रकान्यात त्यांचा एमडी५ राहून गेला होता. त्या फटीतून एक कोटी दहा लाखांवर पासवर्ड फुटले.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं करा. आपल्या कंपनीच्या पोर्टलवर ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण दाबा. नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक आली, तर सगळं ठीकच आहे असं नाही, पण लगेच घाबरायचंही कारण नाही. तुमचा जुनाच पासवर्ड मेलमध्ये लिहून आला, तर तो तिथे वाचता येईल असा ठेवलेला आहे. तो आधी बदला, तोच पासवर्ड बँकेत किंवा ईमेलला असेल तर तिथलाही बदला, आणि सोमवारी आयटीवाल्याला गाठून विचारा.