पास मुलाच्या नावाचा, हिशेब घराचा

रत्नागिरी-रायगडातून एक पिढी आखातात गेली. पुढच्या पिढीतली काही मुले शिक्षण-नोकरीसाठी अमेरिकेत पोहोचली, तिथेच संसार थाटले, आणि आता त्यांचे आई-वडील नातवंडांना भेटायला दोन-दोन, तीन-तीन महिने तिकडे राहून येतात. अशा मुक्कामात कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड किंवा फ्लोरिडातले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड पाहायचे राहत नाही. जाण्याआधी घरात एक सल्लाही हमखास ऐकायला मिळतो, “मुलाच्या नावाने एक वार्षिक पास काढून टाका. सगळ्यांच्या खाण्यावर, खरेदीवर सूट मिळेल.”

हा सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. राहिलेल्या अर्ध्या भागात पैशांचा प्रश्न आहे आणि मुलांच्या वळणाचाही. म्हणून या वेळी आम्ही हा विषय जरा तपशिलाने मांडत आहोत.

सवलत देतात ती का?

वार्षिक पास म्हणजे एकदा पैसे भरून वर्षभर पुन्हा पुन्हा आत जाण्याची सोय. त्यासोबत पार्किंग, खेळणी-कपड्यांची दुकाने आणि उपाहारगृहे यांत सूट जोडलेली असते. यात उपकाराचा भाग नाही, व्यवहार आहे. पास असलेले मूल कधी एकटे येत नाही. त्याच्यासोबत अम्मी-अब्बू येतात, पाहुणे आले तर चाचा-चाची आणि त्यांची मुले येतात. त्यांची तिकिटे विकत घेतली जातात, सगळ्यांना भूक लागते आणि निघताना प्रत्येक मुलाच्या हातात काहीतरी असते. एका पासामागे पाच-सहा जणांचा खर्च आत येतो. त्यातले थोडे परत देणे पार्कवाल्यांना परवडते.

आकडे पाहा. डिस्नेलँडने कोरोनाच्या काळात, जानेवारी 2021 मध्ये, जुने वार्षिक पास बंद केले आणि ऑगस्ट 2021 मध्ये ‘मॅजिक की’ नावाने नवे आणले. त्यातला सर्वांत महाग ‘ड्रीम की’ 1,399 डॉलरचा होता, म्हणजे तेव्हाच्या दराने एक लाख रुपयांहून अधिक. त्यावर वस्तूंना 20 टक्के, खाण्याला 15 टक्के सूट आणि पार्किंग मोफत. त्याखालचा ‘बिलीव्ह की’ 949 डॉलरचा. त्यावर वस्तू आणि खाणे दोन्हींना 10 टक्के सूट, आणि पार्किंग निम्म्या दरात. हे दर आणि सवलती बदलत असतात. पण हिशेब करण्याची पद्धत तीच राहते.

पास कोणाच्या नावाने?

पहिली गोष्ट इथेच लक्षात घ्यायची. रोजच्या तिकिटात डिस्नेकडे वयाचे तीन गट आहेत. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, तीन ते नऊ वर्षांच्या मुलाचे तिकीट थोडे स्वस्त आणि दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा दर. वार्षिक पासात मात्र हा फरक नाही. तीन वर्षांच्या मुलाचा पास आणि त्याच्या वडिलांचा पास एकाच किमतीचा.

दुसरा नियम असा, की चौदा वर्षांखालचे मूल एकटे आत जाऊ शकत नाही. सोबत चौदा किंवा त्याहून मोठ्या वयाचे कोणीतरी हवेच, आणि त्या व्यक्तीला स्वतःचे तिकीट किंवा पास लागतो.

हे दोन्ही नियम एकत्र ठेवले की “मुलाच्या नावाने काढा” हा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही हे दिसते. फक्त सवलतीसाठी घरात एकच पास घ्यायचा असेल, तर बहुतेक वेळा तो आई किंवा वडिलांच्या नावाने घेणे सोयीचे. किंमत तीच, काउंटरवर दाखवायला स्वतःचे ओळखपत्र हाताशी, आणि घरात तीन वर्षांखालचे मूल असेल तर ते मोफत सोबत येतेच. शिवाय मुलाची परीक्षा असो की त्याला ताप आलेला असो, पाहुण्यांना घेऊन मोठ्यांना जाता येते.

मुलाचा पास शोभतो तो वेगळ्या घरात. आज अम्मीसोबत, पुढच्या महिन्यात अब्बूसोबत, मग भारतातून आलेल्या दादा-दादींसोबत, अशा ज्या मुलाच्या फेऱ्या वर्षभर ठरलेल्याच आहेत, त्याचे पैसे एकदाच भरले जातात. सोबतचा मोठा माणूस बदलतो आणि तो आपल्यापुरते तिकीट काढतो. अशा घरात पास मुलाचा असणेच बरोबर, आणि सवलत हा वरचा फायदा.

घराला खरोखर काय मिळते?

फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये सगळ्यात मोठा कौटुंबिक फायदा मुक्कामात आहे. डिस्नेच्या हॉटेलांत पासधारकांसाठी वर्षातल्या काही तारखांना खोलीच्या भाड्यात सूट जाहीर होते. ती घेण्यासाठी खोलीतल्या प्रत्येकाजवळ पास लागत नाही, मात्र पासधारक त्याच खोलीत राहणारा असला पाहिजे. चार-पाच रात्रींच्या मुक्कामात ही रक्कम खेळण्यांवरच्या सुटीपेक्षा कितीतरी मोठी ठरते. गाडीच्या साध्या पार्किंगचेही तसेच. पासधारक गाडीत असला की गाडीतल्या सगळ्यांचे पार्किंगचे पैसे वाचतात.

खाण्याच्या सुटीचा हिशेब मात्र आपल्या घरांनी वेगळा करावा. डिस्नेच्या पार्कात घरचे खाणे नेता येते. काचेची भांडी चालत नाहीत आणि तिथे गरम करावे लागेल असे काही नेऊ नये, एवढेच. हलालच्या काळजीने अनेक घरे सँडविच, पराठे, फळे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊनच निघतात. अशा घरात दिवसभरात कॉफी, बटाट्याच्या तळलेल्या सळ्या आणि आइस्क्रीम एवढेच विकत घेतले जाते. मग “खाण्यावर 15 टक्के” या ओळीला किती भुलायचे?

आता वरच्या दोन पासांची तुलना करू. समजा घर वर्षात दहा वेळा जाते, दर वेळी 80 डॉलरचे खाते आणि वर्षभरात 300 डॉलरच्या वस्तू घेते. पार्किंग 30 डॉलर धरू. महाग पासावर खाण्यात पाच टक्के जास्त सूट, म्हणजे 800 डॉलरवर 40 डॉलर. वस्तूंवर दहा टक्के जास्त, म्हणजे 30 डॉलर. पार्किंगमध्ये दर फेरीला 15 प्रमाणे 150 डॉलर. एकूण जास्तीचा फायदा 220 डॉलर, आणि त्यासाठी भरलेले जास्तीचे पैसे 450. केवळ सवलतीसाठी महाग पास घेतला तर 230 डॉलर पदरचे गेले. महाग पासावर सुट्टीच्या दिवशीही जाता येते, त्याची ज्याला गरज आहे त्याचा हिशेब निराळा.

दुकानातल्या सुटीबद्दल एक जुनी गोष्ट पुन्हा सांगावी लागते. 25 डॉलरचे खेळणे 20 ला मिळाले तर पाच वाचले असे आपण म्हणतो. ते घ्यायचे ठरलेलेच असेल तर वाचले. सूट आहे म्हणून घेतले असेल तर वीस गेले.

ईद ते ईद, एकाच पासात

आपल्या घरांना उपयोगी पडेल अशी एक सोय दिनदर्शिकेतच आहे. पासाचे वर्ष इंग्रजी तारखेने 365 दिवसांचे, आणि आपले चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचे. त्यामुळे या ईदला सुरू केलेला पास पुढच्या ईदला अजून चालू असतो. उदाहरणार्थ, अमेरिकेत 2024 ची रमजान ईद 10 एप्रिलला होती आणि 2025 ची 30 मार्चला. फ्लोरिडात पासाचे वर्ष तो पहिल्यांदा सुरू केल्याच्या दिवसापासून मोजतात. 10 एप्रिलला सुरू केलेल्या पासात दोन्ही ईदच्या सहली बसल्या आणि वर दहा-बारा दिवस उरले. चंद्रदर्शनात एखाद्या दिवसाचा फरक पडला तरी बिघडत नाही.

पण स्वस्त पासावर काही दिवस बंद असतात. फ्लोरिडाच्या रहिवाशांसाठी असलेला ‘पिक्सी डस्ट’ पास 2021 मध्ये 399 डॉलरला होता. तो बहुतेक शनिवार-रविवारी आणि गर्दीच्या सुट्ट्यांत चालत नाही. वसंतातल्या शाळांच्या सुट्टीत ईद आली तर हा पास खिशात असून उपयोग नाही. कॅलिफोर्नियात तर जाण्याचा दिवस आधीच राखून ठेवावा लागतो. ‘ड्रीम की’ला बंद दिवस नाहीत अशी जाहिरात होती, तरी काही दिवसांची जागा पासधारकांना मिळेना, आणि त्याच दिवसांची साधी तिकिटे विकली जात होती. यावरून एका पासधारक महिलेने दावा दाखल केला, आणि 2023 मध्ये 95 लाख डॉलरवर तडजोड झाली. पासामागच्या बारीक अक्षरांची किंमत किती असते, हे यावरून समजावे.

सवलत कुठे थांबते?

पासावर नाव असते. कॅलिफोर्नियात प्रवेशाच्या वेळी फोटो काढतात, फ्लोरिडात तीन वर्षांपासून पुढच्या सर्वांच्या बोटाचा ठसा यंत्रावर घेतात. कारण पास दुसऱ्याला देता येत नाही. मूल सोबत असताना नियमात बसेल ती सूट घराने घेतली, तर त्यात संकोचाचे काही कारण नाही. ती सूट पार्कने त्यासाठीच ठेवली आहे. पण मूल घरी झोपलेले आणि त्याच्या पासावर पार्किंग मोफत, हे बसत नाही. शेजाऱ्यांची यादी घेऊन सुटीत वस्तू घ्यायच्या आणि वर चार पैसे ठेवून विकायच्या, हेही बसत नाही. विक्रीसाठी खरेदी करायला पासाच्या अटींत मनाई आहे. भावाच्या पासावर त्याच्यासारख्या दिसणाऱ्या चुलतभावाला आत नेणे तर सरळ फसवणूक.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट लबाडी वयाची. तीन वर्षांखाली तिकीट नाही, म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलाला गाडीत पढवले जाते, “विचारले तर दोन सांग हं.” मोठी कंपनी आहे, तिला काय फरक पडतो, असे आपण मनाला समजावतो. कंपनीला पडत नसेलही. मुलाला पडतो. मापात पाप नको हे ज्या घरात लहानपणापासून शिकवले जाते, त्या घरात वयाचे माप तरी खोटे का असावे? एका तिकिटाची रक्कम वाचते, आणि गरज पडली की खोटे बोलायचे असते हा धडा मूल थेट आई-बापांकडून शिकते. तो धडा पुढे शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत कुठेही बाहेर येऊ शकतो.

पैसे भरण्याआधी

पास घेण्यापूर्वी तिकीट खिडकीवर हे पाच प्रश्न विचारून घ्यावेत. मुलाच्या पासावरची सूट मोठ्या माणसाने बिल भरले तरी मिळते का? जेवणाच्या एका बिलावर किती जणांपर्यंत? कोणत्या वस्तू सुटीतून वगळल्या आहेत? कोणते दिवस बंद आहेत? आणि पासाचे वर्ष कोणत्या दिवसापासून सुरू होते? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. मग घरी बसून, पास नसता तरी आपण किती वेळा गेलो असतो आणि किती खर्च केला असता, हे प्रामाणिकपणे मांडावे. त्या आकड्यावर सूट लावून पासाची किंमत निघत असेल तर पास जरूर घ्यावा.

आणि पास मुलाचा असेल तर हा हिशेब त्याच्यासमोरच करावा. सात-आठ वर्षांच्या मुलाला टक्के समजत नसले तरी “तुझ्या पासामुळे आज दादीची टोपी चार डॉलरने स्वस्त झाली” हे नक्की समजते. आपल्या नावाच्या वस्तूचा घराला उपयोग होतो, आणि तो खरे बोलून होतो, याचा आनंद त्याला वर्षभर पुरेल.