मेंदूची वीज आणि मोजणाऱ्याची निवड

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींतील यंत्रें ज्या विजेवर फिरतात, ती सेकंदाला ५० आवर्तनें करीत येते. घरोघरीं आणि रुग्णालयांतहि तीच खेळते. म्हणून मेंदूच्या विजेचा आलेख, म्हणजे ई. ई. जी., काढूं लागलें कीं हीं ५० आवर्तनें न बोलावतां त्यांत उमटतात. टाळूवर मिळणारा मेंदूचा विद्युद्दाब व्होल्टच्या दशलक्षांशांत मोजावा लागतो. नुसती पापणी लवली तरी त्याच्या कित्येक पट मोठी लाट उठते. जर्मनींत हान्स बर्गर यानें १९२९ सालीं मनुष्याचे असे आलेख प्रसिद्ध केले तेव्हां पुष्कळांस ते खरेच वाटले नाहींत, यांत नवल तें काय?

तेव्हां गाळणें आलेंच. पण गाळणी कोणती लावावी, डोक्यावरील कोणतें स्थान शून्य मानावें, पापणी लवलेले किती तुकडे टाकावे, हें संशोधकच ठरवितो. गाळणी फार कडक झाली तर लाटेचें शिखर खुजें होतें, क्वचित् जागाहि सोडतें. एकाच नोंदीवरून दोन प्रामाणिक तज्ज्ञ दोन उत्तरें काढूं शकतात! म्हणून निवड आधींच लिहून ठेवावी, आणि त्याच माणसाची पुन्हां परीक्षा घेऊन आकडा जुळतो कीं नाहीं तें पाहावें.

हा वाद प्रयोगशाळेपुरताच राहिला नाहीं. गुन्ह्याची आठवण मेंदूंत आहे कीं नाहीं, हें अशा लहरींवरून सांगूं पाहणाऱ्या परीक्षेचा आधार २००८ सालीं पुण्याच्या सत्र न्यायालयानें एका खुनाच्या खटल्यांत जन्मठेप देतांना घेतला. त्याच वर्षीं तज्ज्ञांच्या समितीनें ती पद्धति अशास्त्रीय ठरविली. २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, संमतीवांचून ती कोणावरहि लादतां येणार नाहीं. आणि संमति असली तरी केवळ तिचा निष्कर्ष हा पुरावा नव्हे.