पेटीतल्या बाळाचे डोळे सव्वा महिन्याच्या आत तपासा

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत मुलांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "हिचं सिझर झालं ना, म्हणून पोराला चष्मा लागला." सून बिचारी गप्प बसते. सिझरला चष्म्याचा दोष देऊ नका. आईवडिलांना चष्मा असणं, तासन् तास जवळून बघणं, बाहेर उजेडात न खेळणं, ही त्याची खरी कारणं.

बाळंतपणाचा नजरेशी संबंध आहे, तो बाळ किती लवकर आलं याच्याशी. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या नवव्या महिन्यापर्यंत वाढत असतात. बाळ आधीच जन्मलं तर त्या अर्धवट राहतात. मग पेटीत ऑक्सिजनवर असताना किंवा नंतर त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात, पडदा ओढला जातो, सुटतो आणि नजर कायमची जाते. डॉक्टर याला आरओपी म्हणतात. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो, त्यामुळे आईला काही कळत नाही.

म्हणून बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन २ किलोपेक्षा कमी असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्यायचा. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. दिवस जन्मापासून मोजायचे, घरी आल्यापासून नाही.

गोची इथेच होते. बाळ दूध पितंय, वजन भरतंय, आणि घरचे म्हणतात, "सव्वा महिना झाल्याशिवाय बाहेर काढायचं नाही." तोवर तीस दिवस उलटलेले असतात! सव्वा महिना जरूर पाळा, पण या तपासणीला सूट द्या. थेंब टाकून डोळा बघतात, बाळ थोडं रडतं, एवढंच. दोष वेळेत सापडला तर लेझरने किंवा इंजेक्शनने नजर वाचवता येते. पहिली तपासणी चांगली आली तरी पुढची तारीख चुकवू नका, रक्तवाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत बोलावतात.

आणखी एक, साध्या बाळंतपणातही आईच्या अंगातला जंतुसंसर्ग बाळाच्या डोळ्यांत जाऊ शकतो. पहिल्या काही दिवसांत डोळे सुजून पू आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. काजळ, मध, अंगावरचं दूध काही घालू नका.

आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत सरकारी दवाखान्यात उपचार आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे, १०२ नंबरला फोन करा. तपासणी कुठे होते ते आशाताईंना विचारा. शहरात जायला पैशाचं अडलं, तर गटातून उचल घ्या, पुढच्या बैठकीची वाट बघू नका.